गाठीपासून दाण्यापर्यंत

सकाळी 7
हरभरा फुलोऱ्यात आहे. प्रयोगाच्या शेतात दोन तऱ्हेचे वाफे शेजारीशेजारी आहेत: पेरणीआधी बियाण्याला रायझोबियम जिवाणूंचं कल्चर चोळलेले आणि न चोळलेले. झाडं मातीच्या ढेकळासकट खणून काढते, कारण उपटली तर मुळांवरच्या गाठी जमिनीतच राहतात. मुळं धुऊन एक गाठ चिरते. आतून गुलाबी असेल तर ती हवेतलं नत्र बांधण्याच्या कामात आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आणि त्यात लोह असतं.

9
प्रयोगशाळा. झाडं नळाच्या पाण्याने, सौम्य आम्लाने आणि शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने धुते. पानावर धूळ राहिली, तर यंत्र मातीतलंच लोह मोजेल. मग झाडं ओव्हनमध्ये वाळत ठेवते.

10.30
खरिपातल्या सोयाबीनचं पीठ रात्रभर नायट्रिक आम्लात आहे. आता पर्क्लोरिक घालायचं. सेंद्रिय भाग आधी नीट विरघळलेला नसेल, तर स्फोटाचा धोका असतो. म्हणून इथे घाई चालत नाही.

द्रावण स्वच्छ होईपर्यंत विद्यार्थ्यांना मूळ मुद्दा समजावते. हवेतल्या नत्रावर जगणारं मूळ भोवतालच्या मातीत हायड्रोजन आयन सोडतं. चुनखडीच्या जमिनीत स्फुरद, लोह आणि जस्त अडकून पडतात. मुळालगतची माती किंचित आम्लधर्मी झाली, की त्यांतला काही भाग पिकाला मिळू शकतो. कल्चरचा फायदा फक्त नत्रापुरता नाही, तो असा.

दुपारी 2
ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन यंत्र. जस्त 213.9 नॅनोमीटरवर, लोह 248.3 वर. आधी प्रमाणित द्रावणं, मग नमुने.

4
आकडेमोड. विद्यार्थी इथेच फसतात. समजा, साध्या वाफ्यात किलोमागे 40 मिलिग्रॅम जस्त आहे आणि उत्पादन हेक्टरी 15 क्विंटल. कल्चरच्या वाफ्यात जस्त 38, पण उत्पादन 18 क्विंटल. दाण्यातलं प्रमाण घटलेलं दिसतं. प्रत्यक्षात पिकाने जमिनीतून उचलून दाण्यांत साठवलेलं जस्त हेक्टरी 60 ग्रॅमवरून 68 वर गेलेलं असतं. शेतासाठी दुसरा आकडा महत्त्वाचा, ताटासाठी पहिला. म्हणून अहवालात दोन्ही हवेत. शिवाय दाण्यातला बराचसा स्फुरद फायटेटच्या रूपात असतो आणि तो लोह-जस्ताला धरून ठेवतो. नुसता स्फुरद वाढला म्हणजे पोषण वाढलं, असं मी लिहू देत नाही.

5.30
एका शेतकऱ्याचा फोन. "मॅडम, उन्हाळी भुईमुगाला कल्चर लावायचंय. युरियाही जास्त टाकू का?"

"नको दादा, नत्र जास्त झालं की गाठी कमी धरतात. पाकीट भुईमुगाच्याच गटाचं घ्या, हरभऱ्याचं चालणार नाही. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, कल्चर सगळ्यात शेवटी. सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. अन् एक पट्टा कल्चरशिवाय ठेवा. तुमच्या जमिनीत किती फरक पडतो, ते त्या पट्ट्यावरूनच कळेल."