काळ्या कातळातले जीवाश्म: गैरसमज आणि वस्तुस्थिती

भातसानगरच्या आसपास रस्त्यासाठी डोंगर कापला, विहीर खणली किंवा खदाणीत सुरुंग लागला की दगडातून काहीतरी वेगळं बाहेर पडतं. कधी पांढरं फूल, कधी पानाची नक्षी, कधी गोल गोटे. फोटो लगेच मोबाईलवर फिरतो: 'आपल्या गावात जीवाश्म सापडला!' हे कुतूहल मोलाचं आहे. म्हणूनच त्याला खरी माहिती मिळायला हवी. शहापूर-मुरबाडचा दगड कसा तयार झाला हे एकदा कळलं, की त्यात काय सापडू शकतं आणि काय नाही, हे आपलं आपल्यालाच ओळखता येतं.

गैरसमज १: घाटातला तांबडा थर म्हणजे प्राचीन वालुकाश्म.

वस्तुस्थिती: कसारा आणि माळशेज घाटांत काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये तांबडा पट्टा दिसतो. तो वालुकाश्म नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला. तो थिजून बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, तयार झाला. एक थर थिजल्यावर पुढचा येईपर्यंत ऊन-पावसाने त्याचा पृष्ठभाग कुजला, त्यातलं लोह गंजून माती तांबडी झाली आणि वरून आलेल्या नव्या लाव्ह्याने ती भाजून काढली. हाच तो पट्टा.

ओळखायची खूण सोपी आहे. हा तुकडा बोटांनी चोळला तर मातीसारखा भुगा होतो. वालुकाश्म चोळला तर वाळूचे कण कचकचतात. ते कण बहुतेक क्वार्ट्झचे असतात. बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसतंच, त्यामुळे तो कुजला की मुख्यतः चिकणमाती होते. भातसा, काळू, शाई या नद्यांचं पाणलोट क्षेत्र बेसॉल्टचं असल्याने विदर्भातल्या नद्यांसारखी पांढरी क्वार्ट्झची वाळू इथे साचत नाही.

गैरसमज २: लेणी कोरता आली, म्हणजे दगड मऊ वालुकाश्मच असणार.

वस्तुस्थिती: कर्नाटकातल्या बदामीची लेणी वालुकाश्मात आहेत, हे खरं. पण मुरबाडहून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटातली सातवाहनकालीन गुहा बेसॉल्टमध्ये कोरलेली आहे. अजिंठा आणि वेरूळही बेसॉल्टचेच. माहुलीचे नवरा, नवरी, वजीर हे सुळकेसुद्धा लाव्ह्याच्या थरांचेच अवशेष आहेत. भेगांमधून पाणी शिरत गेलं, कच्चा भाग झिजून गेला आणि टणक भाग उभा राहिला.

गैरसमज ३: दगडातली पांढरी फुलं, हाडं आणि पानं म्हणजे जीवाश्म.

वस्तुस्थिती: या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि तिन्ही खनिजांच्या आहेत.

फुलं ही झिओलाइट गटातली खनिजं. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकतात आणि त्यांच्या पोकळ्या राहतात. पुढे खनिजयुक्त पाणी त्यांत झिरपतं आणि स्फटिक वाढू लागतात. स्टिल्बाइटचा स्फटिकपुंज मधोमध आवळलेल्या भाताच्या पेंढीसारखा दिसतो. सह्याद्रीतली ही खनिजं जगभरच्या संग्रहालयांत मांडलेली आहेत.

हाडांचे तुकडे वाटतात ते फेल्डस्पारचे स्फटिक. कसारा घाटातल्या काही थरांत ते बोटाच्या पेराएवढे, कधी त्याहून मोठे असतात. जमिनीखाली शिलारस सावकाश थंड होत असताना ते वाढले आणि नंतर लाव्ह्याबरोबर वर आले.

पानाची नक्षी बहुधा मँगनीजच्या ऑक्साइडची असते. भेगेतून झिरपलेलं पाणी ती मागे ठेवतं. खऱ्या पानाला मधली शीर असते, कडा असते. ही नक्षी मात्र भेगेपासून सुरू होऊन वाटेल तशी फांद्या फोडत पसरते.

गैरसमज ४: गोल गोटे म्हणजे डायनासोरची अंडी.

वस्तुस्थिती: बेसॉल्टला उभ्या-आडव्या भेगा पडतात. त्यामुळे झालेल्या चौकोनी ठोकळ्यांचे कोपरे आधी कुजतात, पोपडे सुटत जातात आणि आत गोल गाभा उरतो. तो फोडला तर आत सलग काळा दगडच मिळतो. डायनासोरची खरी अंडी गुजरातमध्ये बालासिनोरजवळच्या रयोलीत मिळाली आहेत. तिथले खडक लाव्ह्याच्या आधी साचलेल्या गाळाचे आहेत.

गैरसमज ५: लाव्ह्याच्या मुलखात जीवाश्म असूच शकत नाहीत.

वस्तुस्थिती: वितळलेल्या लाव्ह्यात जीवाश्म टिकत नाही, पण दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तळी साचतात, गाळ बसतो. त्या गाळात जीव जपले जातात. याचं उत्तम उदाहरण थेट मुंबईत आहे. वरळीच्या अशा गाळात इवल्याशा बेडकांचे सांगाडे सापडले. इंग्लंडचे शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. हा बेडूक आज 'इंडोबॅट्रेकस' या नावाने ओळखला जातो.

गैरसमज ६: महाराष्ट्र म्हणजे सगळा काळा दगड. वालुकाश्म आणि डायनासोर दुसरीकडचे.

वस्तुस्थिती: विदर्भात बेसॉल्टहून कितीतरी जुने वालुकाश्म उघडे पडले आहेत. नागपूरजवळच्या कामठीच्या वालुकाश्मात सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या 'ग्लॉसोप्टेरिस' वनस्पतीची पानं मिळतात. एकोणिसाव्या शतकात नागपुरात राहिलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी या भागातले जीवाश्म गोळा केले. हीच वनस्पती ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकातही सापडते. हे सगळे भूखंड एकेकाळी जोडलेले होते, याचा तो मोठा पुरावा ठरला.

गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यात वडधम इथे जीवाश्म उद्यान आहे. त्याच प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात, तेलंगणाच्या बाजूला मिळालेल्या अवाढव्य डायनासोरला १९७५ मध्ये 'बारापासॉरस टागोराय' हे नाव देण्यात आलं.

चंद्रपूरच्या पिसदुऱ्यात तर डायनासोरची अश्मीभूत विष्ठा मिळाली. तिच्यात गवताचे सूक्ष्म सिलिकाकण आढळले. डायनासोरच्या काळात गवत होतं हे त्यातून २००५ मध्ये सिद्ध झालं आणि त्यातल्या काही गवतांचं नातं भाताच्या कुळाशी जुळलं. भाताच्या खाचरांवर जगणाऱ्या शहापूर-मुरबाडने हे आवर्जून लक्षात ठेवावं.

तुम्हाला काही सापडलं तर?

हातोडी चालवू नका. वस्तू जागेवरच असताना, शेजारी नाणं ठेवून फोटो काढा. कोणत्या थरात, कोणाच्या शेतात किंवा कोणत्या कापात ती मिळाली ते लिहून ठेवा. थरातून उचललेल्या जीवाश्माची अर्धी माहिती तिथेच हरवते. मग जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा.

आणि तालुक्यातल्या शिक्षकांना एक आग्रहाची विनंती. पावसाळा सरला की मुलांना भिंग देऊन नाणेघाटाच्या जुन्या पायवाटेने न्या. लाव्ह्याचे थर, बुडबुड्यांच्या पोकळ्या, पोपडे सुटलेले गोटे, हे सगळं मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तर पुढचा फोटो फिरण्याआधी तीच घरच्यांना विचारतील, 'हा दगड कुठल्या थरातला?'