लॅपटॉपमधला चोरकप्पा

घरातला लॅपटॉप चार-पाच वर्षांचा झाला, की कुरकुर करू लागतो. सुरू व्हायला दहा मिनिटं, मध्येच निळा पडदा! मग ‘दुकानात देऊन टाकू’ असं ठरतं. पण मैत्रिणींनो, लॅपटॉपबरोबर घरचे फोटो, बँकेचे कागद, मुलांचे प्रकल्प हे सारंच परक्या हाती जातं. आणि दुकानदार करतो त्यातलं बरंचसं आपल्याला घरीच करता येतं, बरं का!

जुन्या लाकडी कपाटात चोरकप्पा असायचा ना, तसाच तो पुष्कळ लॅपटॉपच्या डिस्कमध्येही असतो. कंपनी विंडोजची मूळ प्रत तिथं ठेवून देते. त्याचं नाव रिकव्हरी पार्टिशन. रिकामी जागा समजून तो कोणालाही पुसू देऊ नका.

आधी आवराआवर. मूळ प्रत बसवताना आपलं साठवलेलं सगळं पुसलं जातं. म्हणून फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवा. डेस्कटॉप व डाउनलोड हे फोल्डरही विसरू नका. उतरवलेल्या दोन-चार फायली उघडून खात्री करा. लॅपटॉप सुरूच होत नसेल, तर आधी विश्वासातल्या जाणकाराकडून फायली काढून घ्या, मगच पुढचं पाऊल.

आता चार्जर लावा. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करा आणि लगेच ठराविक कळ दाबत राहा. साधारणपणे एचपीसाठी एफ ११, असुससाठी एफ ९, एसरसाठी ऑल्ट धरून एफ १०. लेनोव्होच्या बऱ्याच लॅपटॉपना बारीक भोक असतं. लॅपटॉप बंद असताना त्यात पिन दाबायची.

विंडोज १० किंवा ११ सुरू होत असेल, तर शिफ्ट दाबून ‘रीस्टार्ट’ निवडा. मग ‘ट्रबलशूट’, त्यानंतर ‘रिसेट धिस पीसी’. इथं ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तर आपल्या फायली राहतात, पण नंतर घातलेले प्रोग्राम जातात. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ म्हणजे सगळंच साफ! कधी ४८ आकडी बिटलॉकर किल्ली विचारली जाते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते; आधीच वहीत उतरवून ठेवा. या कामाला दोन-तीन तासही लागतात. मध्येच लॅपटॉप बंद करू नका.

एक लक्षात ठेवा. चोरकप्प्यातली विंडोज लॅपटॉप घेतला तेव्हाचीच असते. विंडोज ७ ची सुरक्षा-दुरुस्ती जानेवारी २०२० मध्ये थांबली, तर विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हा नवी आवृत्ती चालते का ते पाहा. तोवर अशा लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार नकोत.

आणि हो, कपाटच जळालं तर चोरकप्पा कुठून उरणार? डिस्क बिघडली की ही प्रतही गेलीच. म्हणून लॅपटॉप धडधाकट आहे तोवरच ३२ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ करून ठेवा. लोणच्याची बरणी आपण उन्हाळ्यातच भरतो, नाही का?