कान्हेरीचे उलटे रहिवासी

आमच्या भोईवाड्याहून दादर आणि तेथून आगगाडीनें बोरीवली, एवढा प्रवास केला म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचें दार येतें. मागें एकदां नातवाला घेऊन मी तेथून कान्हेरीस गेलों होतों. काळ्या कातळांत खोदलेलीं शंभराहून अधिक लेणीं, यज्ञश्री सातकर्णीच्या काळचा भव्य चैत्य, जागोजाग पाण्याच्या पोढी, यांचें वर्णन विद्वानांनीं पुष्कळ केलें आहे. मला सांगावयाचें आहे तें तेथें छताला उलट्या लोंबणाऱ्या वटवाघळांविषयीं.

एका अंधाऱ्या लेण्यांत शिरतांच नातवानें बॅटरीचा झोत वर फेंकला. टाळ्या पिटून तीं उडवावीं, असाहि त्याचा बेत होता. मी त्याचा हात धरला. वटवाघळाच्या मादीला बहुधा वर्षाकाठीं एकच पिल्लूं होतें आणि लहानपणीं तें आईच्या छातीला बिलगून राहतें. गडबडीनें थवा उधळला तर तें खालीं पडण्याचें भय. आणि तें मेलें कीं त्या मादीचें वर्ष फुकट गेलें!

"आजोबा, तीं आंधळीं असतात ना?" त्यानें विचारलें. एकेकाळीं मीहि वर्गांत तसेंच सांगत असें, हें येथें कबूल केलेलें बरें. वस्तुतः वटवाघळाची कोणतीहि जात आंधळी नाहीं. किडे खाणारीं लहान वटवाघळें आपल्याला ऐकूं न येणारा अतिशय तीव्र ध्वनि काढतात व त्याच्या प्रतिध्वनीवरून अडथळा आणि भक्ष्य ओळखतात. डोळे निकामी केलेलें वटवाघूळहि न अडखळतां उडतें, हें स्पालान्झानी या इटालियन पाद्र्यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस पाहिलें होतें. परंतु त्याचा उलगडा व्हावयास १९४० च्या सुमारास ग्रिफिन या अमेरिकन विद्यार्थ्याची वाट पाहावी लागली.

फळें खाणारीं मोठीं वटवाघळें मात्र मुख्यतः डोळ्यांवर व नाकावर विसंबतात. वड-उंबरांचें बीं तीं दूरवर टाकतात, गोरखचिंचेसारख्या रात्रीं फुलणाऱ्या झाडांचे परागहि वाहतात. असें असूनहि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें त्यांना उंदीर-कावळ्यांसह उपद्रवी प्राण्यांच्या यादींत बसविलें होतें! ती यादी २०२२ च्या दुरुस्तीनें निघाली.

नातवानें बॅटरी विझवून खिशांत घातली, आणि अंधारांत आम्ही दोघे वरची चिवचिव ऐकत कांहीं वेळ उभे राहिलों. आपण जाणार असाल तर सोमवार टाळावा. त्या दिवशीं उद्यान बंद असतें.