जनावरांची पोटफुगी : डॉक्टर येईपर्यंत काय कराल?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या सकाळी, माझ्या दारात कोणीतरी हटकून उभा असतो. "साहेब, बैल फुगला." आदल्या दिवशी घरोघरी पूजा होते, प्रत्येक दारी पुरणपोळीचा घास मिळतो. माया आपली, पोट मात्र बैलाचे!

गाय, बैल, म्हैस, शेळी यांनी खाल्लेला चारा आधी कोटीपोटात जाऊन आंबतो. त्यातून सतत वायू तयार होतो. मोठ्या जनावरात तो खाल्ल्यानंतर तासाला ३० लिटरपर्यंत किंवा अधिकही होतो. रवंथ करताना ढेकरेवाटे तो बाहेर पडतो. ढेकर अडली की पोट फुगते, फुप्फुसावर दाब येतो आणि जनावर गुदमरते. पावसाळ्यातील कोवळे गवत, दव पडलेली हिरवी लाखोळी, धानाच्या पुंजण्यावर किंवा लग्नघरच्या उरलेल्या अन्नावर मारलेला ताव ही आपल्याकडची नेहमीची कारणे. कधी घशात आंब्याची कोय अडकते.

डावी भकाळी फुगून वर येते, टिचकी मारली तर ढोलासारखा आवाज येतो. जनावर रवंथ थांबवते, ऊठबस करते, तोंड उघडून श्वास घेते. अशा वेळी तास-दोन तासही महत्त्वाचे असतात.

नोकरीच्या सुरुवातीला धानोरा तालुक्यातील एका गावातून मला असाच निरोप आला. ऐन रोवणीचे दिवस, नाल्याला पूर. पाणी ओसरून मी पोचलो, तेव्हा बैल गेला होता. घरात गोडेतेलाची बरणी भरलेली होती. ते वेळेवर पाजले असते तर कदाचित तो वाचला असता. पण हे त्या घरी कोणी सांगितलेच नव्हते. जोडी मोडली आणि रोवणी अडली. तेव्हापासून मी हे प्रत्येक गावात सांगतो.

प्रथम चारा बंद करा. जनावराला बसू देऊ नका; पुढचे पाय उंचवट्यावर येतील असे उभे करा. कडुनिंबाची जाड काडी लगामासारखी तोंडात आडवी बांधा. ती चघळताना लाळ सुटते, ढेकर येते. डावी भकाळी हाताने चोळा. मोठ्या जनावराला ३०० ते ५०० मिली, शेळीला ५० ते १०० मिली खाण्याचे गोडेतेल हळूहळू पाजा. तेलाने पोटातला फेस मोडतो.

पाजताना जीभ ओढू नका, मान फार वर करू नका. तेल फुप्फुसात गेले तर जनावर दगावते. तोंडातून सारखी लाळ गळत असेल, तर घशात काही अडकले असावे. तेव्हा काहीच पाजू नका. दाभण किंवा सुरी पोटात खुपसू नका; ते काम डॉक्टरांच्या नळीचे आहे. उपचार करता करताच दवाखान्यात निरोप धाडा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा.

सकाळी चरायला सोडण्यापूर्वी थोडी तणस किंवा कडबा घाला. नवा चारा एकदम न देता आठवडाभरात वाढवत न्या. धानाचे पोते आणि उरलेले अन्न जनावरांच्या तोंडी लागू देऊ नका.

आणि पोळ्याला? बैलाला एकच पोळी द्या. बाकीचा मान ओवाळणीने करा. बैल रागावणार नाही.