दोन दिवसांचे श्रमदान : संगणकतज्ज्ञ आणि सेवाभावी संस्था

श्रमदान हा शब्द आपणांस नवा नाही. आपल्या वस्त्यांतील कित्येक विहार श्रमदानातूनच उभे राहिले. ज्याच्याजवळ पैसा नव्हता त्याने विटा वाहिल्या, गवंडी होता त्याने भिंत उचलली, सुतार होता त्याने दार बसविले. ज्याच्या हाती जे कौशल्य होते ते त्याने समाजासाठी दिले. आज आपली मुले-मुली संगणक क्षेत्रात मोठ्या संख्येने नोकऱ्या करीत आहेत. त्यांच्या हातातील कौशल्याचे श्रमदान कसे करता येईल, हा प्रश्न आपल्यासमोर आहे. परदेशात या प्रश्नाचे एक उत्तर शोधले गेले आहे. त्याची माहिती सभासदांना व विद्यार्थ्यांना व्हावी, हा या लेखाचा हेतू आहे.

उपक्रमाची सुरुवात

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे १९८७ साली 'कॉम्प्युमेंटर' नावाची संस्था स्थापन झाली. सेवाभावी संस्थांना संगणक वापरण्यास मदत करणारे जाणकार स्वयंसेवक मिळवून देणे, हे तिचे काम होते. हीच संस्था पुढे 'टेकसूप' या नावाने ओळखली जाऊ लागली. १९९९ साली कॅनडातील कॅलगरी येथे 'ओपन-बीएसडी' या प्रणालीवर काम करणारे दहा प्रोग्रामर एकत्र जमून सलग काम करीत बसले. त्या बैठकीला 'हॅकेथॉन' हे नाव मिळाले. या दोन कल्पना एकत्र आल्या आणि सेवाभावी संस्थांसाठी शनिवार-रविवारची शिबिरे भरू लागली.

यांपैकी 'गिव्हकॅम्प' हा उपक्रम २००७ च्या सुमारास अमेरिकेत सुरू झाला आणि क्लीव्हलँड, सिअॅटलसारख्या अनेक शहरांत अशी शिबिरे भरली. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये गूगल, मायक्रोसॉफ्ट, याहू, नासा आणि जागतिक बँक यांच्या पुढाकाराने 'रँडम हॅक्स ऑफ काइंडनेस' हे शिबिर कॅलिफोर्नियात झाले. आपत्तीच्या वेळी लोकांच्या उपयोगी पडतील अशी साधने तयार करणे, हा त्याचा विषय होता.

शिबिर कसे चालते ?

शिबिर दोन दिवसांचे दिसत असले तरी त्याची खरी तयारी काही महिने आधी सुरू होते. संस्था आपली अडचण लिहून अर्ज करतात. आयोजक संस्थेच्या लोकांना भेटून ती अडचण नेमकी करून घेतात. "आम्हाला संगणकीकरण हवे आहे" असे म्हटल्याने काहीच हाती लागत नाही. "देणगीदारांची नावे तीन वह्यांत आहेत, त्यामुळे एकाच व्यक्तीला तीन पत्रे जातात" असे सांगितले म्हणजे कामाला सुरुवात करता येते. दोन दिवसांत पुरे होणारे कामच स्वीकारले जाते.

शुक्रवारी संध्याकाळी सर्वजण एकत्र जमतात. प्रत्येक संस्थेसाठी चार-सहा जणांचा गट ठरतो. त्यात प्रोग्रामर असतो, मांडणी करणारा असतो, मजकूर लिहिणारा असतो आणि केलेले काम तपासून पाहणाराही असतो. संस्थेचा एक माहीतगार प्रतिनिधी पूर्ण वेळ गटासोबत बसतो, ही महत्त्वाची अट होय. शनिवारी दिवसभर काम चालते. काहीजण रात्रीही तेथेच मुक्काम करतात. रविवारी दुपारी प्रत्येक गट आपले काम सर्वांसमोर चालवून दाखवितो व ते संस्थेच्या स्वाधीन करतो. संस्थेकडून मोबदला घेतला जात नाही.

आकड्यांतून अन्याय दिसतो

अशा शिबिरांचा एक वेगळा प्रकार आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. न्यूयॉर्कमध्ये २०११ साली जेक पोर्वे व त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडेवारीच्या जाणकारांची एक संस्था सुरू केली. ती पुढे 'डेटाकाइंड' या नावाने प्रसिद्ध झाली. पुढे बंगळूर येथेही तिची शाखा निघाली. तिच्या शनिवार-रविवारच्या शिबिराला 'डेटाडाइव्ह' म्हणतात. संस्थेजवळच्या नोंदी तपासून त्यांतून काय निष्पन्न होते ते शोधणे, हे तेथील काम.

२०११ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला झालेल्या शिबिरात नागरी स्वातंत्र्यासाठी काम करणारी 'न्यूयॉर्क सिव्हिल लिबर्टीज युनियन' ही संघटना सहभागी होती. तिचा विषय होता रस्त्यावर पोलिसांकडून होणारी अडवणूक व झडती. २०११ या एका वर्षात न्यूयॉर्क पोलिसांनी ६,८५,७२४ वेळा लोकांना अडविले. अडविलेल्या दर शंभरांपैकी सुमारे ८७ कृष्णवर्णीय वा लॅटिनो होते, आणि शंभरांपैकी ८८ जणांवर पुढे कोणतीही कारवाई झाली नाही. पोलिसांनी स्वतःच लिहिलेल्या नोंदींतून हे दिसून आले. ऑगस्ट २०१३ मध्ये न्यायालयाने या झडत्यांची पद्धत घटनाबाह्य ठरविली. हा निकाल एका शिबिरामुळे लागला नाही. त्यामागे पीडितांचा व वकिलांचा प्रदीर्घ लढा होता. पण अन्यायाची तक्रार "असे वाटते" या पातळीवरून "असे आहे" या पातळीवर नेण्याचे सामर्थ्य नीट मांडलेल्या आकड्यांत असते. शिष्यवृत्ती किती विद्यार्थ्यांना किती महिने उशिरा मिळाली, हे तारखांसह सांगता आले तर आपल्या निवेदनाचेही वजन वाढेल.

दोष कोठे राहतात ?

या उपक्रमाची उणी बाजूही सांगितली पाहिजे. रविवारी टाळ्या वाजतात, सोमवारी स्वयंसेवक आपापल्या नोकरीवर जातात आणि सहा महिन्यांनी काम बंद पडते. संकेतस्थळ कोणाच्या तरी खासगी ई-मेलवर नोंदलेले असते, पासवर्ड त्यालाच ठाऊक असतो, वार्षिक शुल्क भरायचे राहून जाते व संकेतस्थळ नाहीसे होते. हौशी तरुणांच्या मदतीने संकेतस्थळ केलेल्या कित्येक लहान संस्थांना हा अनुभव आला आहे.

म्हणून काही पथ्ये पाळावी लागतात. नोंदणी संस्थेच्याच नावे असावी. पासवर्ड किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे सुरक्षित असावा. वापराची माहिती सोप्या मराठीत लिहून घ्यावी. नवीन काही घडविण्याऐवजी २००३ पासून उपलब्ध असलेल्या 'वर्डप्रेस'सारखी मोफत व सर्वांना माहीत असलेली साधने वापरावीत, म्हणजे पुढचा कार्यकर्ताही ती सांभाळू शकेल. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, लोकांची खासगी माहिती जपावी. जातीचे दाखले, आधारच्या प्रती, वधू-वर सूचक केंद्रातील अर्ज हे कोणाच्याही लॅपटॉपवर उतरवून देऊ नयेत. नावे व क्रमांक काढूनच माहिती तपासणीस द्यावी. २०२३ साली आपल्या संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला आहे.

आपल्याकडे काय करता येईल ?

आपल्यासारख्या मंडळांची कामे पाहिली तर दोन दिवसांत होण्याजोगी बरीच आहेत. सभासद नोंदवहीत एकाच व्यक्तीचे नाव कधी आडनाव आधी, कधी नंतर, कधी आद्याक्षरांनी लिहिलेले असते. ते एकसारखे करणे. वाचनालयातील ग्रंथांची यादी तयार करणे. शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या मुदतींचे वेळापत्रक करून ते विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर वेळेत पोहोचविणे. आणखी एक काम तर तातडीचे आहे. १९९० च्या दशकातील आपल्या अनेक स्मरणिकांचा मजकूर जुन्या फाँटमध्ये टंकलेला आहे. आजच्या संगणकावर तो उघडला तर अर्थहीन अक्षरे दिसतात. तो युनिकोडमध्ये आणला नाही तर ज्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या आठवणी त्यांत आहेत, त्या पुढच्या पिढीला वाचता येणार नाहीत. रूपांतर करणारे साधन संगणकाचा जाणकार देईल. पण जोडाक्षरे व वेलांट्या तपासण्यास मराठी उत्तम जाणणारी माणसेच लागतील. तेथे निवृत्त शिक्षकांचेही श्रमदान हवे.

धम्माच्या दृष्टीने

भगवान बुद्धांनी माणसांना एकत्र बांधून ठेवणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या आहेत : दान, प्रियवचन, अर्थचर्या व समानता. सिगालोवाद सुत्तात त्यांचा उल्लेख आहे. अशा शिबिरास या चारही गोष्टी लागू पडतात. कौशल्य देणे हे दान. संगणक न येणाऱ्या कार्यकर्त्याशी त्याला कमीपणा न वाटू देता बोलणे हे प्रियवचन. आपल्याला आवडते ते न करता समोरच्याच्या हिताचे तेच करणे ही अर्थचर्या. आणि देणारा वर, घेणारा खाली असे न मानता एका टेबलाशी बसणे ही समानता. यातील एक जरी सुटली तरी शिबिर नुसते प्रदर्शन होते.

१८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथील भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शिकलेल्या वर्गाने समाजाकडे पाठ फिरविल्याची खंत व्यक्त केली होती. ती खंत अजूनही आपल्या पदव्यांकडे पाहत आहे. तिला उत्तर म्हणून वर्षातले दोन दिवस फार नाहीत. परंतु सुरुवात म्हणून ते थोडेही नाहीत. संगणक क्षेत्रातील बंधू-भगिनींनी आपले दोन दिवस मंडळास कळवावेत, पदाधिकाऱ्यांनी आपली अडचण एका वाक्यात लिहून काढावी आणि विद्यार्थ्यांनी शेजारी बसून काम शिकून घ्यावे. म्हणजे सोमवारी स्वयंसेवक गेले तरी काम थांबणार नाही.

जय भीम ! नमो बुद्धाय !