गुटगुटीत बाळाची हगवण: समज आणि वस्तुस्थिती

जायकवाडी धरणाचे पाणी घराघरांत कित्येक दिवसांच्या अंतराने येते आणि ते ड्रमांत साठवून वापरणे ज्या छत्रपती संभाजीनगरच्या अंगवळणी पडले आहे, तेथे तान्ह्या मुलाला हगवण लागताच खापर पाण्यावर फुटावे, हे स्वाभाविकच होय. कॉलरा-विषमज्वराच्या बाबतीत ते रास्तही आहे. परंतु 'आमच्या घरी पाणी उकळलेले, बाळ गुटगुटीत, मग धास्ती कसली?' हा जो निष्कर्ष त्यातून काढला जातो, तो तान्ह्यांना हगवण लावणाऱ्या रोटा विषाणूपुढे टिकत नाही. 1973 साली रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांना हा विषाणू आढळला तो मेलबर्नसारख्या संपन्न शहरातील मुलांच्या आतड्यांत. आणि लस निघण्यापूर्वी वयाच्या पाच वर्षांच्या आत जगातील बहुतेक प्रत्येक मुलाला त्याची बाधा होत असे. विष्ठेचा अत्यल्प अंश हातांवरून, खेळण्यांवरून तोंडात गेला तरी तो बाधेला पुरतो.

दात येण्याने जुलाब होतात, ही समजूतही निराधार आहे; त्याच वयात मूल रांगू लागते व हाती येईल ते तोंडात घालते, एवढाच काय तो संबंध. अंगावरचे दूध तोडणे तर सर्वथा घातक. प्रतिजैविकांचा विषाणूवर काडीमात्र उपयोग होत नाही आणि जुलाब थांबवणारी औषधे अर्भकाला देऊ नयेत.

जीव जातो तो शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्याने. टाळू खोल जाते, लघवी कमी होते, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश पूर्ववत होते. जलसंजीवनीची मोठी पुडी एक लिटर पाण्यात संपूर्ण मिसळून चमच्याचमच्याने पाजावी; उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरुवात करावी. पुडी अर्धवट किंवा कमी पाण्यात कालवणे धोक्याचे आहे.

रोटाच्या लसीविषयीचा किंतुही दूर व्हावा. पुण्याजवळचे वढू, दिल्ली व वेल्लोर येथील 6,799 अर्भकांवर झालेल्या चाचणीत भारतीय लसीने रोटाची तीव्र हगवण निम्म्याहून अधिक टाळली. पूर्ण अभय तिने दिले नाही, हे खरे, पण सलाइनपर्यंत पोहोचण्यापासून किती मुले वाचली याचा हिशेब त्यात आहे. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यातील तिन्ही मात्रा सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात; त्या चुकवू नयेत. आणि दोन महिन्यांच्या आतील बाळाला जुलाब लागले, अथवा कोणतेही बाळ दूध ओढीनासे किंवा सुस्त झाले, तर उजाडण्याची वाट न पाहता त्याला घाटी रुग्णालयात किंवा जवळच्या अन्य रुग्णालयात न्यावे.