हाडं मोजायची कशी?

शाळेत आपण 206 हा आकडा पाठ केला. चरकसंहितेत तो 360 आहे, सुश्रुतसंहितेत 300. यावर आपल्याकडची मतं ठरलेली: एक म्हणतो जुन्यांना काहीच कळत नव्हतं, दुसरा म्हणतो सगळंच कळत होतं. मूळ याद्या मात्र दोघांनीही उघडलेल्या नसतात.

चरकाच्या यादीत 32 दात आहेत, दातांच्या 32 खोबण्या आहेत आणि 20 नखंही. म्हणजे 84 तर इथेच झाली! सुश्रुताला 360 ची परंपरा ठाऊक होती. शल्यतंत्रात, म्हणजे शस्त्रक्रियेच्या शास्त्रात, मात्र 300 च, असं तो बजावतो. हातापायांत 120, धडात 117, मानेपासून वर 63. दात त्यानेही धरले. नाक-कानातल्या लवचिक भागाला त्याने ‘तरुण’ अस्थी म्हटलं. आपण त्याला कूर्चा म्हणतो आणि हाडांतून वगळतो.

त्याने हे पाहिलं कसं, तेही लिहून ठेवलंय. प्रेत मुंज, कुश अशा गवतांत गुंडाळायचं, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात आडबाजूला ठेवायचं. सात रात्रींनी बाहेर काढून वाळ्याच्या, केसांच्या किंवा बांबूच्या कुंच्याने हळूहळू घासत त्वचेपासून एकेक थर पाहत जायचं. युरोपात गॅलेन या वैद्याने जनावरं फाडून माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा ठरवला होता. तो एकच असल्याचं वेसालियस या शरीरशास्त्रज्ञाने 1543 मध्ये छापलं.

मग आपला 206 तरी पक्का आहे का? प्रौढांचा म्हणून, बहुतांशी. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या मनगटाचा एक्स-रे काढा: पंजाची हाडं दिसतात, हाताचीही दिसतात, मधली जागा मोकळी. तिथली आठही हाडं अजून कूर्चेची असतात. ती वर्षानुवर्षं एकामागून एक उमटतात; वाटाण्यासारखं शेवटचं साधारण नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान. कोर्टात वयाचा वाद निघाला की हाडांची तपासणी होते, ती याच आधारावर. त्या तपासणीतून वयाचा अंदाज मिळतो, जन्मतारीख नव्हे. बाळाच्या गुडघ्याची वाटीही हाडाची नसते. उलट माकडहाडाच्या वरचे पाच मणके मोठेपणी जुळून एक होतात. गळ्याजवळच्या हाडाचं आतलं टोक तर पंचविशीच्या आसपास सांधतं, म्हणजे लग्नपत्रिका छापून झाल्या तरी सांगाडा पुरा झालेला नसतो.

शिवाय 206 पैकी 106 हाडं नुसत्या दोन पंजांत आणि दोन पावलांत आहेत. बाकी सगळ्या देहाला उरली शंभर.

काही हाडं स्नायुबंधात तयार होतात; गुडघ्याची वाटी त्यांतलीच. ती 206 मध्ये धरतात. पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी त्याच जातीची वाटाण्याएवढी दोन हाडं असतात. पाऊल टाकताना भार त्यांच्यावरही येतो. ती धरत नाहीत.